चवदार तळ्याची खोटी तारीख

शिक्षक कम्युनिटीवाल्यांनो, आज नववीच्या वर्गाला मी मुद्दाम फसवलं. नेटवरचं तपासून घ्या, हे सांगून कार्टी ऐकत नाहीत. म्हणून चवदार तळ्याचा सत्याग्रह डिसेंबरात झाला, असा खोटा ब्लॉग लिहून ठेवला आणि सत्याग्रहाची माहिती नेटवरून लिहून आणायला सांगितली. सगळ्यांनी तोच उतरवला.

उभं मात्र बिरवाडीच्या सुजाताला केलं. तिच्या घरचे दर मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, तळ्यावर येणाऱ्यांना पाणी वाटतात.

"काय गो, यंदा डिसेंबरात वाटणार पाणी?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो.

"मार्चातच वाटतो, सर. आजोबा पण तेच सांगतात. पण तुमीच बोललात ना, घरचं ऐकीव लिहायचं नाय."

ब्लॉग मी घरी येऊन दोन मिनिटांत काढला. माझं ते वाक्य तिच्या डोक्यातून कसं काढू?