विलासदादा आणि नको तो उजेड

रत्नागिरीत शूटिंगची कामं करणाऱ्या आमच्या युनिटमध्ये माणसं तीनच, पण किस्से गाडीत मावत नाहीत. आमचा लाइटवाला बाळू म्हणतो, "सामान उतरवलं तरी गाडी जड लागते, ती ह्यांच्यामुळेच!" मी नववीत शाळा सोडली आणि कॅमेरा असिस्टंट झालो. चारचौघांत सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहितो.

बहुतेक किस्से आमच्या कॅमेरामनचे, विलासदादाचे. लेन्समध्ये नको तो उजेड शिरला किंवा फिल्टरच्या काचेत काही उमटलं, की त्याला जेवण जात नाही. वय पस्तीस, आणि लग्न ठरत नव्हतं. "शूटिंगवाल्याला कोण मुलगी देणार?" हेच उत्तर सगळीकडून!

*

एकदा जेट्टीवर मासळीची जाहिरात होती. ओल्या पापलेटावर ऊन चमकत होतं. दादाने चमक कापणारा फिल्टर लावला, जरा फिरवला, चमक गायब! खूश होऊन त्याने मासेवाल्या मावशींना स्क्रीन दाखवली.

मावशी ओरडल्या, "मेल्या, आज पहाटेचा पापलेट! चार दिवसांचा केलास की रे!"

"मावशी, चमक काढली फक्त."

"चमक काढलीस तर उरलं काय? म्हणून तुला कोण पोरगी देत नाय!"

*

कॅमेऱ्यामागे पांढरा शर्ट असला की फिल्टरच्या काचेत दिसतो. म्हणून दादाचा नियम, तिघांनी काळेच कपडे घालायचे. त्याच काळ्या कपड्यांत आम्ही गणपतीपुळ्याला एका लग्नात गेलो. तिथल्या काकू दादासाठी आपली भाची बघत होत्या. त्यांनी आम्हाला दारातच अडवलं.

"कोण गेलं?"

"कोणी नाही काकू, रिफ्लेक्शन येऊ नये म्हणून..."

त्या भाचीचं रिफ्लेक्शनसुद्धा पुन्हा दिसलं नाही!

*

आंजर्ल्याला एका घरी पूजेचं शूटिंग. समया दोन, व्हिडिओत चार! जास्तीच्या दोन उलट्या, हवेत तरंगणाऱ्या. फिल्टर काढायचा राहिला होता. दादा माफी मागायला गेला, तर घरातले आजोबा स्क्रीनला हात जोडून बसलेले.

"पूर्वज आले आमचे!"

"आजोबा, काचेतलं प्रतिबिंब आहे ते."

"मग काय, पूर्वजांनी बेल वाजवून यायचं?"

दोन दिवसांनी शेजारच्यांचा फोन. "आमचे पण येतील का हो?"

*

आणि मग लांज्याचे अप्पा. त्यांचा काजूचा कारखाना. त्यांच्या सुजातासाठी दादाचं स्थळ गेलं होतं. अप्पा म्हणाले, "आधी कारखान्याची फिल्म करून दाखवा. काम बघू, मग बोलू." आल्यागेल्याला अप्पा काजू देत, पण तुकडा. अख्खा काजू विकायचा, घरातल्यांनीही तोंडात टाकायचा नाही!

ऑफिसात अप्पांची मुलाखत होती. त्यांच्यामागे त्यांच्या वडिलांचा फोटो, आणि त्याच्या काचेत आमचा कॅमेरा स्वच्छ दिसत होता. मी काळं कापड काढलं.

अप्पा कडाडले, "वडिलांच्या तोंडावर फडकं? आमच्या आईचीही हिंमत झाली नव्हती!"

मग मी फोटोमागे एका बाजूने काडेपेटी खोचली. काच थोडी फिरली, कॅमेरा दिसेनासा झाला. बाळूने अप्पांच्या तोंडावर एवढा लाइट मारला की त्यांना समोरचं काही दिसेना. दादाने रेकॉर्डिंग चालू केलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला. अप्पा काजूवर बोलत राहिले.

आठवड्याने सगळं घर फिल्म बघायला बसलं. दादा घामाघूम. पण कुठे चमक नाही, डाग नाही. आणि अप्पा म्हणाले, "थांबवा. वडिलांचा फोटो मोठा करा."

काचेत कॅमेरा नव्हता. कॅमेऱ्याच्या बाजूला उभा असलेला विलासदादा होता, आणि सुजाता त्याच्या तोंडात काजू घालत होती.

दादा उठला, हात जोडले. "चुकलं अप्पा. काडेपेटी बाजूला नको, खाली लावायला हवी होती."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुजाताला विचारलं, "तुकडा होता की अख्खा?"

ती खाली बघत म्हणाली, "अख्खा."

अप्पांनी बायकोला हाक मारली, "अगो, भटजींना फोन लाव!"