पहिल्या पाण्याचा नारळ

सांगोल्याकडून माळावर चढलं की डाव्या हाताला डाळिंबाची तीनशे झाडं दिसतात, ती सारजाबाईची. सातबाऱ्यावर नाव तिच्या नवऱ्याचं, महिपतीचं आहे. पण वाडीत कुणी महिपतीची बाग म्हणत नाही. ज्या साली टँकरसुद्धा दिवसाआड यायचा, त्या साली वरच्या तीन ओळी तिनं तांब्यानं पाणी घालून जगवल्या. तो कोपरा माळाचा, हाताभर खाली नुसता मुरूम. तिथल्या बेचाळीस झाडांना ती अजून जाता-येता हात लावते.

डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडावं लागतं. महिना-सव्वा महिना झाड तहानलेलं ठेवायचं, त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडून गळतात. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की पंधरवड्यात झाड पालवतं, कळीनं लाल होतं. तो दिवस हुकवून चालत नाही. हलक्या जमिनीत तर आठ दिवस उशीर झाला की फांदी आतून वाळते. सारजाबाई काडी मोडून तो दिवस ओळखायची. पहिल्या पाण्याला वरच्या ओळीतल्या पहिल्या झाडापाशी नारळ फोडायचा, ही तिची रीत. पाणी तोडलं त्याच दिवशी ती नारळ आणून, कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवायची.

यंदा नोव्हेंबरअखेरीस तिनं पाणी तोडलं, नारळ ठेवला, आणि पाचव्या दिवशी चनबसप्पा आला.

चनबसप्पा अक्कलकोटकडचा मोजणीदार. तेलाची मोठी पाईपलाईन माळावरून जाणार होती, तिच्या खुणा करायला त्याला धाडलं होतं. त्यानं लाल फडकी बांधलेल्या खुंट्या रोवल्या त्या बरोबर वरच्या तीन ओळींतून, आणि पुढं वाडीतल्या इतरांच्या बागांतूनही. शेततळ्याचं पाणी सगळ्या बागेला तिथूनच खाली येतं. ती जागा उकरली तर ऐन फळधारणेत तीनशे झाडं कोरडी पडणार. सारजाबाईनं विचारलं, खणणार कधी. चनबसप्पा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "आक्का, मी खुणा करणारा माणूस. खणणारे येगळे, ठरवणारे येगळे."

ठरवणारे कोण हे वाडीनं लगेच ठरवून टाकलं. आमदार साहेब.

साहेब आठवड्यात आले. मारुतीच्या पारावर उभं राहून म्हणाले, पाईप न्यायचा तर आधी माझ्या छातीवरून न्यावा लागेल. वाडीनं त्यांना उचलून जीपपर्यंत नेलं. खतांचं दुकान चालवणाऱ्या आबासाहेबांनी कृती समिती काढली, महिपतीला तिच्यात घेतलं, आणि वेशीवर साहेबांचा फ्लेक्स लागला.

दहा दिवसांनी साहेबांनी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात पत्रकारांना बोलावलं. देशाला तेल लागतं, म्हणाले, विकासाच्या आड मी येणार नाही. वाडीनं फ्लेक्स फाडला आणि साहेबांचा पुतळा जाळला. पुतळ्याला सदरा महिपतीचा होता. लग्नाकार्याला घालायचा एकच धड सदरा, तो सारजाबाईला न विचारता गेला.

पुढच्या आठवड्यात नागपूरच्या अधिवेशनात साहेबांनी फेरमोजणी मागितली. मग वाडीनं गोठ्यावर टाकलेला तोच फ्लेक्स खाली काढला, शेण धुतलं, सुतळीनं शिवून पुन्हा वेशीवर बांधला. शिवण साहेबांच्या नाकावरून गेली होती. चहाच्या टपरीवर माणसं छातीवरून की छातीखालून असा वाद घालत बसायची, आणि सकाळी साहेबांना शिव्या देणारा दुपारी त्यांच्यासोबतचा जुना फोटो मोबाईलवर दाखवायचा.

पस्तिसावा दिवस उजाडला. सारजाबाईनं काडी मोडली, आत अजून हिरवट ओल होती. आज पाणी सोडायचं, ती म्हणाली.

महिपती आडवा आला. साहेब गुरुवारी येणार होते, शेवटचं काय ते सांगणार होते. लाईन येणार असंल तर बहार धरून काय करायचं, कळीवर पाणी तुटलं तर अख्खी बाग बसंल, आन् एकदा पाणी सोडलं की मागं घेता येत नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. आयुष्यात एवढ्या एका गोष्टीत तिनं स्वतःच्या हाताचं ऐकलं नाही.

गुरुवारी साहेब आले नाहीत. मंगळवारवर गेलं, मंगळवारचं शुक्रवारवर गेलं. एक्केचाळिसाव्या दिवशी वरच्या ओळीतली काडी कट्‌कन मोडली. आत तपकिरी.

चव्वेचाळिसाव्या दिवशी साहेब आले. सकाळी सारजाबाईनं देव्हाऱ्यात हात घातला तर नारळ नव्हता. साहेबांच्या सत्काराला शाल आणली होती, पण नारळाचं कुणाच्याच ध्यानात नव्हतं, म्हणून महिपतीनं घरातला नेला होता. ती पारावर पोचली तेव्हा तिनं कुंकू लावलेला नारळ साहेबांच्या हातात होता आणि ते बोलत होते. शेतकरीही महत्त्वाचा, तेलही महत्त्वाचं. मी दोघांच्याही पाठीशी आहे.

सारजाबाई बायकांतून उठून उभी राहिली. आजवर कधी सभेत बोलली नव्हती.

"सायेब, बागंला आज पाणी सोडू का नको, येवढंच सांगा."

साहेबांनी मान हलवली, हात जोडले. "मावशी, तुमच्या भावना मी सरकारपर्यंत पोचवतो."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या उत्तराचं तिला फार काही वाटलं नाही; असं काही येणार हे तिला दिसत होतंच. पण आपल्याच माणसांनी, ज्यांच्या बागा तिच्यासारख्याच तहानल्या होत्या त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, याचा तिला असा काही वीट आला की ती खाली बसलीच नाही. तशीच निघून माळ चढली आणि शेततळ्याचा कॉक तिनं दोन्ही हातांनी फिरवला. नारळावाचून.

सांज व्हायच्या आत महिपती घरी आला. नळ्या थेंब-थेंब ठिबकताना बघून बांधावरच थांबला. "आगं, इचारायचं तरी."

"कुणाला इचारू? छातीवरून म्हणणाऱ्याला, का हाटेलातल्याला, का आजच्याला?"



खालची बाग आठ-दहा दिवस उशिरा का होईना पालवली. वरच्या बेचाळिसांतली अकरा फुटली. एकतीस झाडं तशीच उभी राहिली, हातानं मोडावं तिथं मोडत होती.

महिन्याभरानं बातमी आली, लाईन बागांतून नाही, खालच्या सरकारी पडीक जमिनीतून जाणार. वाडीत हलगी लागली, गुलाल उडाला. नाकावर शिवण पडलेला फ्लेक्स घेऊन मिरवणूक माळापर्यंत आली. आबासाहेब गुलालानं माखलेले पुढं होते.

"महिपती, झाडं वाचली की गड्या. चल, हितं काय करतोस?"

महिपती टिकावानं चौथं वाळकं झाड उकरत होता. त्यानं वर बघितलं, घाम पुसला आणि पुन्हा टिकाव घातला. मिरवणूक थोडी घुटमळली आणि हलगी वाजवत खाली गेली.

त्याच दुपारी चनबसप्पा आपल्या खुंट्या काढायला आला. वाळक्या ओळी बघून दचकला. अजून तर कुणी कुदळ लावली नव्हती.

"आक्का, ही कशानं गेली?"

"वाट बघून गेली," सारजाबाई म्हणाली. मग खुंटीला हात घालणाऱ्या त्याला तिनं थांबवलं. "माज्याकडं ऱ्हाऊ द्या त्या. नव्या खड्ड्यांच्या खुणंला लागतील."

चनबसप्पानं खुंट्या उपटल्या, लाल फडकी तेवढी सोडवून खिशात घातली आणि खुंट्या तिच्याजवळ दिल्या. ती एकेक खुंटी पावलं मोजून रोवत निघाली. मागं टिकावाचा आवाज थांबला होता.

"रोपं कवा आणायची?" महिपतीनं विचारलं.

"पावसाळ्यात," ती वळून न बघता म्हणाली. "नारळ तुमीच आणा. पर देव्हाऱ्यात ठिवू नका. माज्या हातात द्या."