रांजणांसाठी खडबडीत छत

दादा सहा महिन्यांसाठी अमेरिकेला लेकीकडे निघाला तेव्हा त्याने घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली, कुंड्या वहिनीच्या बहिणीकडे दिल्या आणि मुंग्या माझ्याकडे आणल्या. शीवहून टॅक्सीने, पेटी मांडीवर घेऊन, वर टॉवेल टाकून. आमच्या लालबागच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलं, "केक काय?" तर हा म्हणाला, "हो."

"माझ्याकडेच का?" मी विचारलं.

"तू कुठे जातेस?" तो म्हणाला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मला माहीत आहे. पण हे मी चाळीस वर्षं ऐकत आले आहे. बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी दादा इंजिनिअरिंगला होता आणि मी नुकतीच दहावी पास झाले होते. दोघांचं शिक्षण परवडणार नव्हतं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. जूनमध्ये मैत्रिणी कॉलेजला गेल्या, मी परकरांचं गाठोडं घेऊन हिंदमाताच्या फुटपाथवर बसले. आज तिथेच माझं साड्यांचं दुकान आहे. डोळे मिटून, नुसत्या चिमटीत धरून कापडात किती भेसळ आहे ते मी सांगते. हे मला कुणी शिकवलं नाही. आणि दादा निवृत्त झाला त्या समारंभात माइकसमोर म्हणाला, "मी स्वतःच्या कष्टांवर इथवर आलो." मी तिसऱ्या रांगेत बसले होते, ठेवणीतली साडी नेसून. ते वाक्य माशाच्या काट्यासारखं माझ्या घशात राहिलं आहे.

तर मुंग्या. या आपल्या ओट्यावर फिरतात त्या नव्हेत. मूळ दूरच्या वाळवंटातली जात, इंग्रजीत हनीपॉट म्हणतात. दादाने एका हौशी माणसाकडून रीतसर घेतल्या होत्या. तरी कागद मी स्वतः पाहिले, कारण कागद न पाहता मी खणाचा तुकडाही उचलत नाही. एक राणी, शे-दोनशे कामकरी, आणि छताला उलट्या लटकलेल्या एकतीस जाड्या. या जाड्यांचं काम एकच, साठवण. बाकीच्या मुंग्या गोड रस आणून त्यांच्या तोंडात ओततात, यांची पोटं फुगत जाऊन द्राक्षाएवढी होतात, पिवळीधमक, आरपार दिसणारी. बाहेर काही मिळेनासं झालं की बाकीच्या येऊन त्यांच्या मिशांना मिशा लावतात आणि या पोटातला थेंब वर आणून त्यांना पाजतात. मी त्यांना रांजण म्हणू लागले.

वहिनी दारातच चपला घालता घालता म्हणाली, "बिचाऱ्या. जन्मभर लटकायचं आणि दुसऱ्यांना पाजायचं."

"बिचाऱ्या कशाला?" मी म्हटलं. "बाजार बंद असताना ज्याच्याकडे माल असतो त्याला बिचारा म्हणत नाहीत."

दादा हसला आणि माझ्या हातात एक वही ठेवली. मुंग्या कशा सांभाळाव्यात त्याची अकरा पानं, त्याच्या सुबक अक्षरात, इंग्रजीत. मला इंग्रजी वाचता येतं. जीएसटीचे कागद मीच वाचते. पण सख्ख्या बहिणीला, जिचं शिक्षण दहावीत थांबलं तिला, दोन भावंडांच्या घरगुती गोष्टीची यादी इंग्रजीत? वही मी फ्रिजवर ठेवली. फ्रिजवरच राहिली.

पाहून पाहून मला सगळं समजलं. साखरपाण्यात भिजवलेला कापूस, दोन दिवसांनी झुरळाचा मऊ तुकडा, एका बाजूला ओल, पेटीच्या कडेला आतून टाल्कम पावडर म्हणजे चढून बाहेर पडत नाहीत. लाल प्रकाश त्यांना दिसत नाही म्हणून पेटीवर लाल जिलेटीन कागद, गणपतीच्या सजावटीतला उरलेला. दुकानातून आले की चहा घेऊन मी पेटीसमोर बसायचे. एखाद्या रांजणाला पाजणं चालू असलं की दोघी डोक्याला डोकं लावून इतक्या स्थिर होत की मीही कप खाली ठेवायचे नाही, आवाज होईल म्हणून. नवरा म्हणायचा, "माझ्याशी बोलताना कधी एवढा दम धरला नाहीस." खरं होतं. आमच्या लाइनीत माझ्या तोंडाला घाबरतात.

माझं वाकडं एवढंच होतं की दादाची पेटी मला बघवत नव्हती. जुनी काच, आत प्लॅस्टरचा ओबडधोबड गिलावा, डाग पडलेला. मनात म्हटलं, हा परत येईल तेव्हा याला दाखवते, वस्तू कशी ठेवायची असते ते.

परळला ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या करणारा एक अ‍ॅक्रिलिकवाला आहे. त्याच्याकडे मी नवी पेटी सांगितली. घासाघीस तासभर चालली. मी तीनदा उठले, तिसऱ्यांदा तर रस्त्यापर्यंत गेले. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "ताई, आता याच्या खाली नाही. फार तर आतून-बाहेरून बफिंग मारून देतो, आरशासारखं. त्याचे काही घेत नाही." फुकट बफिंग मिळवून मी घरी आले तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

पेटी सुंदर होती. बोट फिरवलं तर सरकत जायचं. दोन्ही पेट्यांमध्ये नळी जोडली, जुनीवर दिवा लावला, नवीवर काळं कापड टाकलं. मोबाइलवर एका हिंदी व्हिडिओत तसं दाखवलं होतं. दोन दिवसांत राणी, अंडी, सगळं बिऱ्हाड अंधारात हललं. जड रांजणांना मी चमच्यात घेऊन पोचवलं. ते हळूहळू वर चढले आणि छताला लागले. जुनी पेटी मी त्याच दुपारी भंगारवाल्याला दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला रांजण खाली पडलेला दिसला. पोट एका बाजूला, पाय हवेत वल्ह्यासारखे. त्याला उलटता येईना. मी चमच्याने उचलून छताला लावला, तासाभरात पुन्हा खाली. दुपारपर्यंत चार पडले. त्यातल्या दोघांची पोटं फुटली होती आणि बाकीच्या भोवती जमून सांडलेला मध चाटत होत्या. शांतपणे, नेहमीचं काम असल्यासारखं. मला ते पाहवेना.

तेव्हा मी फ्रिजवरून वही काढली. सातव्या पानावर, लाल शाईने अधोरेखित: छत कधीही गुळगुळीत ठेवू नये, जड मुंग्यांची पकड सुटते, पडल्या की मरतात. मराठीत लिहिलं असतं तर, असं मनात आलं. मग हेही आलं की पान सात मी मराठीतही उघडलं असतं की नाही, कोण जाणे.

दुकान बंद ठेवलं. सणासुदीखेरीज आणि बाबा गेले तेव्हाखेरीज मी दुकान कधी बंद ठेवलेलं नाही. घरात मांजरपाटाचा तागा होता, सगळ्यांत स्वस्त, भरड, धुतल्याशिवाय अंगाला टोचणारा. त्याचा तुकडा पेटीच्या झाकणावर ताणून वरच्या बाजूने टाके घालून शिवला, उशीच्या अभ्र्यासारखा. मग झाकण हातात आडवं धरलं आणि एकेक रांजण चमच्यात घेऊन कापडाशी नेला. पाय लागायचे, सुटायचे, पुन्हा लागायचे. सहाही पाय धाग्यात रुतेपर्यंत चमचा हलवायचा नाही. मी आयुष्यात गिऱ्हाइकाची, भावाची, कुणाची इतकी वाट पाहिलेली नाही. खांदे भरून आले. संध्याकाळपर्यंत नऊ गेले होते, उरलेले बावीस मांजरपाटाला लटकले होते.

पण कापडाला ओल धरून बुरशी येणार हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी जवळच्या गणपतीच्या कारखान्यात गेले. तिथले म्हातारे मूर्तिकार काका मी परकर घालत होते तेव्हापासून मला ओळखतात. त्यांना झाकणाचं माप दिलं आणि म्हटलं, प्लॅस्टरचा थर द्या, वाळू आणि काथ्या घालून, पण हात फिरवायचा नाही.

"म्हणजे?"

"खडबडीत पाहिजे."

काकांनी थर दिला आणि बोलता बोलता अंगठ्याने तो सारखा केला. मी ओरडले. त्यांनी पुसून दुसरा दिला, पुन्हा अंगठा गेला. "हात रवना नाय गो," ते ओशाळून म्हणाले. "साठ वर्षं गणपतीचे गालच करतंय मी." शेवटी त्यांचे हात मी धरून ठेवले आणि थर त्यांच्या सांगण्याप्रमाणे मीच दिला. तो चांगला ओबडधोबड झाला. घासाघीस केली नाही. काकांनी विचारलं, "बरी असस मा?"

चार दिवस प्लॅस्टर वाळलं. तोवर आणखी तीन गेले, आधीच्या मारानेच असावेत. एकूण बारा. नव्या छताला एकोणीस लागले ते मग हलले नाहीत.

दादा रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. "मुंग्या दाखव." मी म्हणायचे, नेटवर्क नाही. खिडकीपाशी उभी राहून, पूर्ण नेटवर्क असताना. माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: तो येईपर्यंत या एकोणीस टिकल्या पाहिजेत. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे तेव्हा सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात एक आठवडा आम्ही गावाला गेलो आणि शेजारीण कापूस बदलायला विसरली. परत आले तर पेटीत कोरडं ठणठणीत, पण सगळ्या जिवंत. रांजणांची पोटं मात्र निम्म्यावर आली होती. मी बॅग तशीच टाकून साखरपाणी करायला घेतलं.

दादा परतला आणि दोन दिवसांनी माझ्याकडे आला. वाकून, चष्मा वर करून, लाल कागदातून कितीतरी वेळ पाहत राहिला. मी भांडणाची तयारी करून बसले होते.

"दहा कमी दिसतात," तो म्हणाला.

माझ्यासारखीने गप्प बसायचं असतं. समोरचा आपल्या बाजूने चुकला तर त्याला दुरुस्त करत नाहीत, हा धंद्याचा पहिला धडा.

"बारा," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं, फुकट बफिंगसकट.

त्याने ऐकून घेतलं. "सातव्या पानावर लिहिलं होतं गो बाय."

"इंग्रजीत."

"तुला येतं की इंग्रजी."

"येतं. तुझ्या पुस्तकातून आलं. तू धडा पाठ म्हणायचास आणि मी पुस्तक धरून बसायचे. अडलास की 'पुढे?' म्हणायचे. इतिहाससुद्धा मला तुझाच येतो. ते माइकवर सांगायचं राहिलं तुझ्याकडून."

वहिनी असती तर विषय बदलला असता, ती नव्हती. त्याने प्लॅस्टरच्या छताकडे बोट केलं. "ह्या कोणी केलान?" घरात आई असताना बोलायचो तसं, कितीतरी वर्षांनी.

"मी."

"माझ्यापेक्षा बरां झालां."

मग त्याने फ्रिजवरची वही स्वतःच उतरवली, मागचं कोरं पान उघडलं आणि खिशातलं पेन काढलं. डिसेंबरात त्याला पुन्हा जायचं होतं. पेटी त्याने परत मागितली नाही आणि मीही देते म्हटलं नाही.

"सांग," तो म्हणाला. "मराठीत लिहितो."

मी म्हटलं, छत खडबडीत. वाळू आणि काथ्या. मूर्तिकाराला हात लावू द्यायचा नाही. तो हसला, पण लिहिलं. मी थांबले तशी त्याने मान वर केली.

"पुढे?"

"पडलेली उचलताना चमचा हलवू नये," मी म्हणाले. "सहाही पाय लागेपर्यंत थांबावं."