फाटकसरांच्या क्लासात गेम नव्हते

माणसं जिथे कामापेक्षा वाट जास्त बघतात, तिथे किस्से साचतात. आमच्या फाटकसरांच्या कॉम्प्युटर क्लासात तर वाट बघणं हेच मुख्य काम होतं. सुरुवातीला कॅसेटवरून प्रोग्राम चढायची वाट, मग शुक्रवारी गेलेली लाइट यायची वाट, आणि या सगळ्याच्या मागे बारा महिने चाललेलं मोठं काम म्हणजे सरांचं लग्न ठरायची वाट.

श्रीकांत फाटक एका केमिकल कंपनीत चांगले ऑफिसर होते. ऐंशीच्या दशकात त्यांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. त्यांनी नोकरी सोडली आणि अंबरनाथ पश्चिमेला राहत्या घराच्या हॉलमध्ये क्लास काढला. घरात सर आणि त्यांची आई, दोघंच. कॉम्प्युटर म्हणजे काय हे तेव्हा लोकांना फारसं माहीत नव्हतं, पण नोकरी सोडणं म्हणजे काय हे पक्कं माहीत होतं. त्यामुळे मुली सांगून येत आणि चौकशी झाली की परत जात. मी आधी सरांची विद्यार्थिनी होते, मग तिथेच शिकवायला लागले. तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. मीठमसाला असलाच तर थोडा माझा.

* * *

पहिला कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक कीबोर्ड होता. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम चढवायला साधा टेपरेकॉर्डर लावायचा. कॅसेट सुरू केली की कर्कश्श किंचाळल्यासारखा आवाज येई, टीव्हीवर रंगीत पट्टे धावत, आणि आम्ही सगळे हाताची घडी घालून बसत असू. मध्ये कुणी शिंकलं तरी सर डोळे वटारायचे. एकदा का प्रोग्राम अडला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

खालच्या मजल्यावर आपटेकाका राहायचे. रिटायर झालेले, गाण्याचे भोक्ते. हा आवाज त्यांनी आठवडाभर सहन केला. शेवटी एके दिवशी हातात कापूस, स्पिरिटची बाटली आणि स्वतःची एक कॅसेट घेऊन ते वर आले. प्रोग्राम जवळपास चढत आला होता.

"श्रीकांत, रोज ऐकतोय. तुझ्या टेपचं हेड खराब झालंय रे," असं म्हणून त्यांनी थेट बटण दाबून टेप बंद केला, कॉम्प्युटरची वायर उपटली, कापसाने हेड पुसलं आणि आपली नाट्यगीतांची कॅसेट आत घातली. हॉलभर तंबोरा घुमला.

सर डोकं धरून खाली बसले. आपटेकाकांना वाटलं, सूर लागला.

"बघ," ते म्हणाले, "मशीन चांगलं आहे. तुझ्याच कॅसेटी फालतू आहेत."

* * *

पुढे खऱ्या डबड्यासारखे कॉम्प्युटर आले, प्रिंटर आला, आणि क्लास हॉलमधून स्टेशनकडच्या गल्लीत, हरी टेलरच्या दुकानावरच्या खोल्यांत गेला. उल्हासनगरचे टेकूमल शेठ मशीन पुरवायचे. त्यांनी एका खेपेला पत्रिका जुळवायचा प्रोग्राम दिला. सरांना त्यात काडीचा रस नव्हता, पण त्यांच्या आईला, म्हणजे फाटककाकूंना, भारी रस. भटजींपेक्षा त्यांचा कॉम्प्युटरवर जास्त विश्वास बसला, कारण तो दक्षिणेसाठी थांबून राहत नव्हता.

कल्याणची एक मुलगी सांगून आली. काकूंनी माझ्याकडून दोघांच्या जन्मवेळा घालून घेतल्या. प्रिंटर किरकिरला आणि कागद बाहेर आला. छत्तीसपैकी बत्तीस गुण! काकूंनी तो लांबलचक कागद भोकांच्या पट्टीसकट घडी करून पिशवीत घातला आणि त्याच दिवशी कल्याण गाठलं. मला सोबतीला नेलं.

मुलीच्या वडिलांनी कागद शेवटपर्यंत वाचला. "चांगलं छापलंय," ते म्हणाले. "पण आमचा विचार नाही."

काकू तडकल्या. "अहो, कॉम्प्युटर हो म्हणतोय."

त्यांनी कागद नीट घडी घालून परत दिला. "वहिनी, त्यालाच सांगा, दर एक तारखेला पगार येईल का, तेवढं खाली छापून दे. मग बघू."

येताना काकूंनी तो कागद पिशवीच्या तळाशी कोंबला. सरांना कळलं तेव्हा ते हसले, पण त्या संध्याकाळी त्यांनी एकच धडा दोनदा शिकवला आणि ते त्यांच्या लक्षात आणून द्यायची कुणाची हिंमत झाली नाही. मला फार वाईट वाटलं. माणूस चांगला होता, हुशार होता, आणि त्याची किंमत कुणीतरी एका तारखेवर लावत होतं.

* * *

नव्वदच्या पुढेमागे गेम आले आणि क्लास भरला. हे सरांना कबूल करायला जड जायचं, पण खरं तेच होतं. पोरं बेसिक शिकायला येत आणि भुयारातून पळणाऱ्या राजपुत्राला वाचवायला थांबत. आतल्या छोट्या खोलीत सरांनी टेकूमल शेठकडून टीव्हीला जोडायचा गेमही आणून ठेवला. त्यातला मिशीवाला गडी उड्या मारत पुलावरच्या राक्षसापर्यंत जायचा. "पोरांच्या हाताला वळण लागतं," असं त्यांचं म्हणणं. त्यात सगळ्यात जास्त वळण सरांच्याच हाताला लागलं होतं.

पण पालकांपुढे गेम हा शब्द काढायची सोय नव्हती. एका जरी बापाला कळलं असतं की फी भरून पोरगा उड्या मारतोय, तर क्लास बसला असता. आणि क्लास बसला असता तर सरांच्या लग्नाचं जे काही थोडंफार चाललं होतं तेही संपलं असतं.

दर दोन-तीन महिन्यांनी कीबोर्ड मोडायचे. मी आणि सर ते पिशवीत घालून उल्हासनगरला न्यायचो. एकदा टेकूमल शेठनी सगळे कीबोर्ड काउंटरवर ओळीने मांडले आणि चष्मा वर करून बघितलं. अक्षरं नव्यासारखी कोरी. मोडलेली फक्त स्पेसबार, गेममध्ये उडी मारायची पट्टी, प्रत्येकाची.

"साईं," ते गंभीरपणे म्हणाले, "आपके यहाँ बच्चे सिर्फ खाली जगह टाइप करते हैं क्या?"

* * *

पालक येताहेत हे कळावं म्हणून आम्ही हरी टेलरशी बोलून ठेवलं होतं. जिना त्याच्या दुकानावरूनच जायचा. कुणी मोठं माणूस वर चढायला लागलं की हरीने जिन्याच्या लोखंडी कठड्यावर कात्री वाजवायची. कात्री वाजली की राजपुत्र गायब आणि सगळ्यांच्या पडद्यावर बेरीज-वजाबाकीचे तक्ते. बोलणं बंद, पाठी ताठ. आलेले पालक ही शिस्त बघून भारावून जायचे.

एका संध्याकाळी कात्री वाजली. तक्ते आले, शांतता झाली. कुणीच आलं नाही. पोरांनी गेम लावले. पुन्हा कात्री वाजली, पुन्हा तक्ते, पुन्हा कुणी नाही. आणखी एकदा तसंच झालं तेव्हा सर तावातावाने खाली गेले, मागोमाग मी.

हरी मशीनवर निवांत बसला होता. समोर चहा.

"अरे, कोण आलं होतं?" सरांनी विचारलं.

"कोनी नाय, सर."

"मग कात्री का वाजवतोयस?"

हरी जरा लाजला. "आज गिऱ्हाईक नाय सर. घरात माझा शब्द कोन ऐकत नाय. हितं कात्री वाजवली की वरची पन्नास पोरं एकदम गप होतात. जरा बरं वाटतंय."

सर त्याच्याशेजारी स्टुलावर बसले आणि त्यांनी त्याचा अर्धा चहा प्यायला.

* * *

दुपारी माझी बायकांची बॅच असायची. त्यात मोरिवलीच्या सुशीलाताई होत्या. घरची शेती कारखान्यात गेलेली, मुलगा त्याच कारखान्यात नोकरीला, आणि "सून शिकलेली हाय, आपनपण काय तरी शिकू" म्हणून नाव घातलेलं. टायपिंगचा त्यांना भयंकर कंटाळा. मग मी त्यांना वरून विटा पडतात तो गेम लावून दिला. विटा फिरवून नीट बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते, एवढंच.

ताईंचा हात असा बसला की पुढच्या बॅचला आलेली कॉलेजची पोरं उभी राहून बघायला लागली. त्या मात्र खेळता खेळता एकदम थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, यवढी नीट लावली, ती गेली कुठं?"

"ओळ भरली की जाते ताई. हाच गेम आहे."

"आनि वरून परत येतंय?"

"हो. येतच राहतं."

"आनि जिकायचं कधी?"

मी जरा विचार केला. "जिंकायचं असं नाही. दमेपर्यंत लावत राहायचं."

ताईंनी पदर खोचला आणि उठल्या. "यासाठी फी भरायची? माझ्या घरी फुकट हाय."

त्या दिवसापासून त्यांनी मुकाट्याने टायपिंग शिकायला घेतलं.

* * *

आणि मग बदलापूरचे लिमये आले.

लिमये एका मोठ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचे मुख्य होते. बदलापुरातच खरवईला नवा फ्लॅट, मुलगी अंजली, बी.एस्सी. झालेली. मध्यस्थाने सांगितलं की माणूस कडक आहे, माल नापास करायची सवय आहे. बोलणीही त्यांनी उलटीच सुरू केली. "मुलगा मागाहून बघू. आधी क्लास बघू. माणूस काय करतो ते त्याच्या कामाच्या जागी कळतं."

काकूंनी हाय खाल्ली. सरांचं वय पस्तिशीकडे झुकलेलं, आणि हे स्थळ गेलं तर पुढचं कधी येईल याचा भरवसा नाही. सर मला म्हणाले, "मेधा, हे जमलं नाही ना, तर मी आईला सांगणार आहे की पुरे आता." ते हसत म्हणाले नाहीत.

आम्ही आदल्या दिवसापासून कामाला लागलो. गेमच्या फ्लॉप्या काढल्या. शहाण्यासारख्या दिसणाऱ्या मुलांनाच तेवढं बोलावलं. आतल्या खोलीतल्या टीव्हीवर काकूंनी भरतकाम केलेला अभ्रा टाकला आणि वर फुलदाणी ठेवली. गेमची वायर मी स्वतः माझ्या पर्समध्ये घातली.

लिमये आले, मागोमाग त्यांची बायको आणि अंजली. दाराशी चपला काढल्या. लिमयेंनी एकेका मशीनमागे वाकून बघितलं. अर्थिंग आहे का विचारलं. एसीला हात लावून बघितला. एका मुलाला पाढे विचारले, का कोण जाणे. शहाणी मुलं तक्त्यांवरून मान वर करत नव्हती. सर शांतपणे उत्तरं देत होते, पण त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला मला दिसत होता.

मग आतल्या खोलीत सगळे बसले. काकूंनी पोहे दिले. लिमयेंनी पहिला चमचा खाल्ला, मान हलवली आणि चमचा बशीत ठेवला.

"एक विचारतो. आमच्या खरवईला हल्ली घरोघर तो टीव्हीला लावायचा गेम आलाय. आमच्या धाकट्यानेही हट्ट करून आणायला लावला. पोरांचं वाटोळं झालंय. तुमच्याकडे असलं काही नाही ना?"

"छे," सर म्हणाले.

मी फुलदाणीकडे बघायचं टाळलं.

"बरं आहे," लिमये म्हणाले. "मला ते चालत नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कौतुकाने अंजलीकडे पाहिलं. "अंजली, आता आमचं मोठ्यांचं झालं. तुला श्रीकांतला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचार हो."

अंजली इतका वेळ खाली मान घालून बसली होती. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, मग टीव्हीवरच्या अभ्र्याकडे, मग सरांकडे.

"शेवटी पुलावर तो राक्षस उभा असतो," ती म्हणाली, "त्याच्या पलीकडे कसं जायचं?"

मी पर्स मांडीखाली सरकवली. काकूंना काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून त्या घाबरल्या. सरांनी उत्तर द्यावं तर खोटं बोलले हे उघड, न द्यावं तर त्या मुलीला तोंड कसं दाखवायचं. सरांनी बशी खाली ठेवली. लिमयेंकडे बघितलंच नाही. शिकवताना बोलायचे तसे, सावकाश म्हणाले, "बहुतेक जण त्याच्यावरून उडी मारायला जातात. तसं नाही करायचं. तो स्वतः वर उडाला की आपण खालून पळायचं."

अंजली हसली. पहिल्यांदाच.

लिमयेंनी हातातली पोह्यांची बशी स्टुलावर ठेवली. कपाळाला आठ्या घातल्या. मग सरांकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि त्याच वेळी त्याने आग सोडली तर?"