हाय, सर

कॉलेजच्या पहिल्याच तासाला सरांनी हजेरीत माझं नाव घेतलं आणि मी ताडकन उभी राहून म्हणाले, "हाय, सर!"

आमच्याकडे 'आहे'ला हाय म्हणतात. कर्जतच्या पुढे, कोंडाण्याच्या वाटेला, जे असतं ते हाय आणि जे नसतं ते नाय. शाळेत हजेरीला हेच म्हणत आले. मास्तरही हायवालेच होते.

सरांनी चष्मा नाकावर ओढला. "हॅलो, मॅडम! हाऊ आर यू?"

वर्ग बाकांवर लोळला. हसणारे साठ होते, माझ्या कानांनी सहाशे मोजले.

"कुठून येता?"

"कर्जत."

"कर्जत म्हणजे? गाव की वाडी?"

"वाडी."

"वाटलंच." फळ्याकडे वळून त्यांनी लिहिलं : शिक्षणाचे अर्थशास्त्र.

एवढंच. शिवी नाही, मार नाही. वाडी विचारली, त्यात जातीपासून विचारायचं ते सगळं विचारून झालं.

आता मी कोण तेही सांगते. वाडीत माझ्या तोंडाला बांध नाही. मी पाहिलेला बिबट्या दर उन्हाळ्याला हातभर वाढतो. परवा तो कोंडाण्याच्या डोंगरावर बसला होता आणि शेपूट पार लोधिवलीच्या हायवेवर, टेंपो अडवून. माणसं चुलीवरचं कालवण करपवून ऐकत बसतात. ती मी. आणि त्या वर्गात माझी जीभ टाळूला अशी चिकटली की विळा घालूनच सोडवावी. नावाची पाळी जवळ आली की एवढा घाम सुटायचा की त्यात दोन वाफ्यांची लावणी उरकली असती. 'येस सर' मी शेळीपुढे बसून शंभरदा घोकलं. शेळी शिकली असेल. मी नाही.

कारण 'येस' ओठांवर आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "हाऽऽय." झालं. 'येस' तिथंच अडायचं.

"आवाज आला नाही," सर म्हणायचे. "आवाज नाही, तर हजेरी नाही."

गैरहजर. मी समोर बसलेली, त्यांना दिसत असलेली, डोळ्यांत डोळे घातलेली. गैरहजर. ग्रुपवर माझं नाव 'हॅलो मॅडम' पडलं होतं. डब्यातली भाकरी मी जिन्याखाली खायचे.

आणि खरं सांगू? विषय मला आवडला होता. शिकण्याचा खर्च म्हणजे नुसती फी आणि वह्या नव्हेत; त्या वेळात मूल जे काम करू शकलं असतं, तेही त्या खर्चात धरतात. हे कळलं त्या दिवशी मी ते वाक्य वहीत दोनदा लिहिलं. माझ्या ताईला सहावीतून का काढलं, ते मला पुस्तकात सापडलं होतं. ती आईबरोबर फार्महाउसच्या लाद्या पुसायला गेली, म्हणून मी वर्गात बसले होते.

मग तो धडा आला.

"मूल दाखल होतं, जागा अडवतं, मधेच गळतं. सरकारनं लावलेला पैसा पाण्यात. याला म्हणतात अपव्यय." सरांनी हजेरीपट उचलला आणि माझं नाव वाचलं. "हे जिवंत उदाहरण. प्रवेश घेतला, जागा अडवली, हजेरी बघा."

साठ माना वळल्या.

तास संपल्यावर त्यांनी मला एक अर्ज दिला. पेपर सोडत असल्याचा. "उद्यापर्यंत सही करून आणा. तसंही एवढ्या हजेरीवर परीक्षेला बसता येणार नाही."

संध्याकाळी मी अर्ज मांडीवर घेऊन बसले होते. हातात पेन. आई तांदूळ पाखडत होती. तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"हाय म्हनलीस?"

"हं."

"मंग तू व्हतीस का नव्हतीस तिथं?"

"व्हते गं."

"मंग चुकलं काय?"

ताई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मला सहावीत कुनी इचारलं बी नाय. तुझी सही मागत्यात, तर नाय म्हन की."

मी पेनाला टोपण लावलं.

इथून पुढे मी एक हातसुद्धा वाढवून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर बसले, कारण तिथून पळायला दार जवळ होतं. सरांनी माझं नाव घेतलं. मागून आलंच, "हाऽऽय."

"हाय," मी म्हणाले.

"नीट मराठीत बोला."

"हे मराठीच हाय, सर. मी पयल्या दिवसापासून इथं हाय. 'नाय' लिवायचं असंल तर माझ्याकडं बघून लिवा."

उठले. कोरा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्या पेनाकडे बघत उभी राहिले. वर्ग हसत होता की गप्प होता, सांगता येणार नाही. सरांनी मुंगीएवढी खूण केली. हजर.

मागच्या दिवसांची गैरहजेरी तशीच आहे. माझ्या वहीत प्रत्येक तासाची टिपणं आहेत, तारखेसकट. ती वही विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवून आलेय. परीक्षेला बसवतात की नाही, अजून कळलेलं नाही. भीतीही गेलेली नाही. नाव जवळ आलं की वाफे भरतात.

नाही बसवलं, तर पुढच्या वर्षी हाच बाक, हेच सर, हाच पेपर. ताईचं नाव पटावरून कमी केलं, तेव्हा ती कुणाच्या तरी लाद्या पुसत होती. तिला कळलंही नाही. माझं नाव खोडायचं असेल तर मी समोर उभी असेन. आणि खोडून होईपर्यंत मोठ्यानं म्हणत असेन : हाय.