पहिली पळी आभाळाला

कोरियात, सोलमध्ये आल्यावर दुलमसुरेनला पहिला प्रश्न पडला तो हा, की इथली माणसं सकाळचा पहिला चहा शिंपडतात कुठे. आम्हा मंगोलियनांकडे दूध-मिठाचा चहा उकळला की पहिली पळी दाराबाहेर, आभाळाला जाते. घरातल्यांचं नंतर. पन्नाशीच्या या बाईचा मुलगा तिकडे गोबीत कोळशाचा ट्रक चालवतो. त्याची वाट सुखरूप राहावी म्हणून टाकायची ती पळी तिने कधी चुकवली नव्हती.

ती एका मंगोलियन खानावळीत मटणाचं सारण भरून बुझ वळते. सोबतच्या बायकांना तिने विचारून पाहिलं. एक म्हणाली, मी खिडकीतून शिंपडते. दुसरी मोरीत ओतत होती. तुझं आभाळ गटारात आहे का, म्हणून बाकीच्यांनी तिची टर उडवली. दुलमसुरेनला काळजी नव्हती. तिची भाड्याची खोली गच्चीवर होती.

गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात, म्हणजे नेमकी मंगोलियाच्या दिशेला, घरमालकीण प्योबाईंच्या मातीच्या मोठ्या बरण्या होत्या. सोयाबीन आंबवून केलेलं वर्षाचं दोएनजांग त्यांत मुरत असे. दुलमसुरेनला वाटायचं, बरण्या रिकाम्या आहेत. ती खुशाल त्यांच्यावरून पळी उडवायची.

प्योबाई आधी कबुतरांवर चिडल्या, मग शेजारच्या मांजरावर. शेवटी बरण्यांच्या गळ्याशी वाळलेले दुधाचे ओघळ त्यांना दिसले. माश्या बसल्या तर सगळं दोएनजांग जाईल, नासकं दूध पुन्हा टाकलंस तर खोली सोड, असं त्यांनी बजावलं.

एवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळणार नव्हती. दुलमसुरेन किटली घेऊन ओढ्याकाठी गेली, रखवालदाराने हटकलं. बागेत गेली, तर एका कुत्र्याने शिंपडलेला चहा चाटला आणि त्याच्या मालकाने तक्रारीसाठी मोबाइल काढला. तोवर चहाही गार व्हायचा, आणि गार चहा आम्ही पाहुण्यालासुद्धा देत नाही.

एका सकाळी ती पळी हातात धरून गच्चीवर नुसतीच उभी होती. प्योबाई वर आल्या.

"आता आणखी काय?"

"मुलगा गाडीवर असतो, मावशी. त्याच्यासाठी आहे. नासकं नाही, पहिलं आहे."

प्योबाईंनी पळीचा वास घेतला. मग एकेक विचारत सुटल्या. मीठ कशाला, पाऊस असला तर काय, तिकडे सून करते का हे. सून करत नाही म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

"भाऊ सैन्यात होता तेव्हा माझी आई रोज पहाटे बरण्यांपुढे वाटीभर पाणी ठेवायची," त्या म्हणाल्या. "पण ठेवायची. तुझ्यासारखी उधळत नव्हती."

"वाटीतलं आभाळाला पोचणार कसं?"

"आणि गच्चीवरून फेकलेलं पोचतं?"

प्योबाईंनी जवळच्या बरणीच्या काठाला हात घातला.

"धर तिकडून. या कोपऱ्यात ऊनच येत नाही. हलवायच्याच होत्या."

दुलमसुरेन त्याच कोपऱ्यात कपडे वाळत घालते, कारण गच्चीवर सगळ्यात जास्त ऊन तिथेच असतं. तिने पळी खाली ठेवली आणि बरणीची दुसरी बाजू धरली. दोघींनी एकेक बरणी दुसऱ्या टोकाला नेली.

चहा पुन्हा उकळावा लागला. पहिली पळी वायव्येला गेली. पहिला पेला प्योबाईंना दिला. त्यांनी घोट घेतला आणि मीठ जास्त झालंय म्हणून सांगितलं.