माझ्याच भाषेच्या वर्गात मुकी

“विद्यार्थ्यांसमोर तुम्ही मराठी बोलू नका. त्यांचे कान बिघडतील.”

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या भाषावर्गात, पंधरा जणांदेखत, संचालक मॅडम मला हे म्हणाल्या. त्या पुण्याच्या. मी इथलीच, तंजावरकडच्या मराठी घरातली. तोंडातून पहिला शब्द निघाला तो मराठीच. आजीचा, पणजीचाही. मॅडमचं म्हणणं एकच, “आम्हाला नेटिव्ह स्पीकर हवा.”

मग मी कोण?

हे विचारलं नाही. मागच्या बाकावर जाऊन बसले.

समोर बसलेले ओरगडमच्या कारखान्यातले तमिळ इंजिनिअर. पुण्याला बदली होणार म्हणून मराठी शिकणारे. दोन महिने त्यांना मीच शिकवलं होतं. भाजी घ्यायला, पत्ता विचारायला, घरमालकिणीशी बोलायला. आता माझ्या खुर्चीत एक मुलगी बसली. नवऱ्याच्या नोकरीपायी महिन्यापूर्वी पुण्याहून आलेली. स्वभावाने चांगली, पण तमिळचा गंध नाही आणि बोलणं सुसाट. काही कळलं नाही की पंधराच्या पंधरा माना मागे वळायच्या, माझ्याकडे. मी समजावून द्यायचं. फक्त तमिळमध्ये.

तीन आठवडे बसले मी तशी. सांगायला लाज वाटते. पण घराबाहेर माझी मराठी कुणाला हवी होती, तर त्या एका खोलीत. ती खोली सोडवेना.

मग एक दिवस वर्गातच आईचा फोन आला. “जेवलीस की गं?” आणि मी तिला तमिळमध्ये उत्तर दिलं. जन्मात पहिल्यांदा. मॅडम दारात उभ्या होत्या ना.

आई हळूच म्हणाली, “माझं काय चुकलं गं? अशी परक्यासारखी काय बोलत्येस?”

अंगाची आग झाली. मॅडमपेक्षा स्वतःचीच चीड आली. तिथेच, मोठ्याने, घरच्या मराठीत म्हटलं, “तुझं काही चुकलं नाही, अम्मा. आत्ता येत्यें घरी.” पिशवी उचलली.

“अहो, वर्ग चालू आहे!” मॅडम म्हणाल्या.

“चालू द्या. मी मुकी बसणार नाही.”

पंधरातलं कुणी उठलं नाही. वर्ग चालू राहिला, माझ्यावाचून. दुसरा वर्ग मला मिळालेला नाही. मिळेल असं वाटतही नाही.

पण आईशी परकी भाषा बोलायला लावणारी खुर्ची मला नको. दारात कुणीही उभं असो.